मे महिन्यात बर्फावर जाताय? आधी सोसायटीचा जिना मोजा

परीक्षा संपल्या की पुण्यातले ट्रेकिंगचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. रविवारी सिंहगडावर सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून चढणारी मंडळी दिसू लागली की समजायचं, यांचं हिमालयातल्या सरपास नाहीतर रुपिन पास खिंडीच्या ट्रेकचं बुकिंग झालंय. शूज, थर्मल, दम, गुडघे, सगळ्याची चौकशी होते. आणि एक प्रश्न हमखास येतो : “बर्फ मिळेल ना?” मिळेल. पण तो सकाळी सहाला कसा असेल आणि दुपारी बाराला कसा, हे मात्र कोणी विचारत नाही. एप्रिल-मेमधली बरीचशी हिमस्खलनं याच फरकातून होतात.

सह्याद्रीत दहा-वीस ट्रेक झालेत आणि बर्फावर पहिल्यांदाच पाय ठेवणार आहेत, अशांसाठी हे लिहितोय. हे वाचून कोणी बर्फतज्ज्ञ होणार नाही. पण लीडर काय करतोय हे कळेल, आणि करत नसेल तर तेही कळेल.

आधी थोडं बर्फाबद्दल

फ्रिजच्या ट्रेमधला, गोळेवाल्याचा आणि आभाळातून पडणारा, तिन्हीला आपण बर्फच म्हणतो, म्हणून डोंगरावरचा बर्फ एकजिनसी असेल असं वाटतं. तो तसा नसतो. हिवाळाभर जेवढे हिमवर्षाव झाले तेवढे थर, चिरोट्याच्या पदरांसारखे एकावर एक. काही पदर घट्ट चिकटलेले, काहींच्या मध्ये रव्यासारखा सुटा, भुसभुशीत बर्फ. असा सुटा थर खाली दबलेला असताना वरच्या घट्ट थरावर वजन आलं, मग ते नव्या बर्फाचं असो की तुमचं, की वरची अख्खी लादी तडकून सुटते. कोरड्या बर्फाची अशी लादी ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. हा मुख्यतः हिवाळ्यातला प्रकार.

वसंतात पाणी आत शिरतं. उन्हाने वरचा बर्फ वितळतो, पाणी थराथरांतून झिरपत एखाद्या कडक पापुद्र्यावर किंवा थेट खालच्या कातळावर येऊन थांबतं. पावसाळ्यात मुरमाड उतारात पाणी मुरलं की काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. ३० जुलै २०१४ ला माळीणचा डोंगर खाली आला, त्याआधी मुसळधार पाऊस झाला होता. माती आणि बर्फ यांचं गणित सारखं नाही, पण पाण्याने पकड सुटते एवढं दोन्हीकडे खरं.

ओल्या बर्फाचं हिमस्खलन कोरड्यापेक्षा सावकाश येतं, पण ते फार जड असतं. थांबल्यावर एका घनमीटरचं वजन पाचशे किलो किंवा त्याहून जास्त भरू शकतं आणि ते क्षणात आवळून बसतं. नुसत्या हातांनी ते उकरता येत नाही.

पहिली पायरी : उतार डोळ्यात बसवा (हे पुण्यातच करायचं)

बहुतेक लादी-हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. त्याहून फार तीव्र उतारावर बर्फ साचतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. त्याहून सपाट जागेवर सहसा सुटत नाही, मात्र पाण्याने पार लगदा झालेला बर्फ ३० च्या खालीही वाहू शकतो.

अडचण अशी की ३० अंश म्हणजे किती हे आपल्याला माहीत नसतं. ग्रुपमध्ये विचारलं की बहुतेक जण हाताने भिंतीसारखा उतार दाखवतात. म्हणून आधी आपल्या सोसायटीचा जिना मोजा. पायरी साधारण सहा-सात इंच उंच आणि दहा इंच रुंद असते, म्हणजे उतार झाला ३१ ते ३५ अंश. दूधवाला रोज चढतो तो जिना! त्याच्या पायऱ्या पुसून वर बर्फ टाकला तर तो हिमस्खलनाचा उतार होईल. ‘हा काय, सोपा आहे’ असं वाटायला लावणारा उतारच नेमका धोक्याचा, हे जिन्यावर उभं राहून जेवढं पटतं तेवढं वाचून पटत नाही.

मोजायला कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. आप्पा बळवंत चौकात वीस दुकानं आहेत, आणि घरात पोरांचा पडलेला असेलच. मध्यबिंदूला दोरा बांधा, दोऱ्याला नट लटकवा, सरळ कड उताराशी समांतर धरा. दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकला, तितके अंश उतार. फोनमधल्या कोन मोजणाऱ्या ॲपनेही जमतं, पण थंडीत फोनची बॅटरी मान टाकते. दोऱ्याला बॅटरी लागत नाही.

दोन काठ्यांची युक्तीही शिकून ठेवा. एक काठी शंभर सेंटिमीटरवर पक्की करा, तिचं एक टोक उतारावर टेकवून ती बाहेरच्या बाजूला आडवी धरा, अगदी लेव्हलमध्ये. तिच्या बाहेरच्या टोकापासून दुसरी काठी सरळ खाली सोडा. ५८ सेंटिमीटरवर जमीन लागली तर उतार ३० अंश, ८४ वर लागली तर ४०, पूर्ण शंभरवर लागली तर ४५. दुसऱ्या काठीवर ५८ आणि ८४ ला रंगीत टेप चिकटवून टाका. वेताळ टेकडीवर, पर्वतीच्या मागच्या अंगाला, सिंहगडाच्या वाटेवर आधी नजरेने अंदाज सांगायचा आणि मग मोजायचं. दोनतीन रविवारांत अंदाज पाच अंशांच्या आत यायला लागतो. आमच्या ग्रुपमध्ये हरणाऱ्याने पिठलं-भाकरीचे पैसे द्यायचे असा नियम आहे. सुरुवातीला मीच बराच खर्चात गेलो.

दुसरी पायरी : पायाखाली नाही, वर बघा

तुम्ही चालताय तो उतार १५ अंशांचा असेल, पण वर दोनशे मीटरवर ३८ अंशांचा उतार बर्फाने भरलेला असेल तर तुम्ही त्याच्या वाटेतच आहात. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले. ते शिखरावर निघालेले गिर्यारोहक नव्हते. गाडीतून आले होते, रस्त्याच्या कडेला होते, आणि वेळ भर दुपारची होती.

सह्याद्रीतली नजर इथे कामाला येते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने गेला असाल तर आठवा : वरून दगड सुटला की बाजूला पळायला जागा नसते. बर्फाने भरलेली नाळ तशीच, फक्त तिथे दगडाऐवजी सगळा डोंगरउतार एकाच तोंडातून बाहेर पडतो. अशा नाळेत थोडा बर्फ आला तरी तळाशी दोनतीन मीटरचा थर साचतो. रुपिन पासची शेवटची चढाई अशाच घळीतून आहे, म्हणून तिथे पहाटेच निघतात. दोन नाळांमधली धार किंवा सोंड नेहमीच बरी.

धारेवरही डोळे उघडे ठेवावे लागतात. वाऱ्याने बर्फ पलीकडच्या बाजूला झुलता साचतो, त्याला कॉर्निस म्हणतात. वरून ती धारेचीच सपाटी वाटते, खाली मात्र हवा असते. तुटताना ती टोकाला तुटत नाही, बरीच आत, अगदी खडकाच्या कडेपर्यंत तुटते. फोटोसाठी कडेला जायचा मोह कोकणकड्यावर पोटावर झोपून भागतो, इथे नाही. ऊन चढल्यावर त्या कॉर्निसच्या खालूनही जाऊ नका.

तंबू लावताना आजूबाजूची झाडं बघा. भूर्जाची खोडं एकाच दिशेला वाकलेली, फांद्या वरच्या अंगाने मोडलेल्या, किंवा दाट जंगलात मधेच उभा रिकामा पट्टा दिसला तर तो हिमस्खलनाचा नेहमीचा रस्ता. तिथे कितीही छान सपाट जागा मिळाली तरी तंबू लावायचा नाही.

तिसरी पायरी : घड्याळ

सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

निरभ्र रात्री बर्फ आपली ऊब आभाळाकडे सोडून देतो आणि पृष्ठभाग घट्ट गोठतो. पहाटे चालताना बुटाखाली करकर वाजतं, टाच आत जात नाही. ही वेळ तुमची. मग ऊन येतं, वरचा थर साखरेच्या खड्यांसारखा सुटा होतो, नंतर भिजतो, नंतर त्याचा भात होतो.

यातला कळीचा मुद्दा रात्रीचा आहे. ढगाळ रात्री ऊब बाहेर जात नाही. दुलई पांघरल्यासारखं होतं आणि बर्फ गोठतच नाही. नवखे लोक उलटं समजतात : ढग आहेत, ऊन नाही, म्हणजे बरं. ढगाळ रात्रीनंतरची सकाळ म्हणजे काल दुपारी सोडलेला भिजका बर्फ तसाच पुढे चालू. रात्री पाऊस पडला असेल तर त्याहून वाईट.

ऊन कुठे कधी पोचतं हेही बघायचं. मेमध्ये हिमाचलात साडेपाचच्या आसपास सूर्य उगवतो. पूर्वेकडचे उतार सात-आठलाच तापू लागतात, दक्षिणेकडचे दुपारी, पश्चिमेकडचे दुपार कलल्यावर. उत्तरेकडचे उतार सावलीत राहतात म्हणून सुरक्षित, असं युरोपातल्या माहितीवरून काही जण सांगतात. आपल्याकडे ते अर्धंच खरं. पुण्यात १३ मेच्या सुमाराला शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्याच दिवशी मनालीत तो डोक्यापासून जेमतेम १४ अंश कललेला असतो. एवढ्या उंच सूर्याला उत्तरेचा उतारही दिसतो. उशिरा तापतो, एवढंच.

ढोबळ नियम असा : मोठे उतार ओलांडून अकराच्या आत पलीकडे. रात्र नीट गोठली नसेल तर निघायचंच नाही.

हे मी सज्जनपणे सांगतोय, पण शिकलो चुकून. काही वर्षांपूर्वी हिमाचलात एका खिंडीच्या दिवशी साडेतीनला निघायचं ठरलं होतं. आमच्यातल्या दोघांच्या सॅक भरून झाल्या नव्हत्या (त्यातला एक मी), मग उजाडतानाचे फोटो, मग कोणाचातरी हातमोजा. सव्वापाचला निघालो. खिंडीआधीच्या आडव्या उतारावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते, गुडघ्यापर्यंत पाय जात होता आणि आम्ही त्यावर विनोद करत होतो. खिंडीत बसून चिक्की खाताना मागे आवाज झाला, खडीचा ट्रक रिकामा करतात तसा. वळून पाहिलं तर आमच्या पावलांची लांबलचक रेघ मधेच पुसली गेली होती. दोन्हीकडे पावलं आणि मधे पन्नास-साठ मीटर काही नाही. त्यानंतर बराच वेळ कोणी चिक्की खाल्ली नाही.

चौथी पायरी : बर्फ काय सांगतोय

बर्फ आगाऊ सूचना देतो. उन्हात खडकाजवळून बर्फाचे गोळे आपोआप सुटून, गुंडाळत, चकलीसारखे होत खाली येऊ लागले तर उतार भिजलाय. घोट्याच्या वर पाय जाऊ लागला तर बाहेर पडायची वेळ झाली, नडगी बुडू लागली तर ती टळून गेली. आजूबाजूच्या तशाच उतारावर ताजं स्खलन दिसलं तर दुसरा पुरावा मागू नका. पायाखालून ‘धुप्’ असा पोकळ आवाज आला किंवा बुटापासून तडा पळत गेला तर खालचा थर बसलाय. आल्या पावली, एकेक करून मागे.

नवा बर्फ पडला असेल तर पहिले एक-दोन दिवस थांबा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, एप्रिल-मेमध्येही येतात, रात्रीत फूटभर बर्फ टाकून जातात, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. कॅलेंडरवर छापावं असं दृश्य असतं ते. त्या पहिल्या उन्हातच नवा बर्फ सुटतो.

पाचवी पायरी : पैसे भरण्याआधी फोन

आयोजकाला विचारा : खिंडीच्या दिवशी किती वाजता निघता? किती वाजता, कुठे असलो तर परत फिरायचं ठरलंय? जादा दिवस ठेवलाय का? रात्र गोठली नाही तर काय करता? लीडरने गिर्यारोहणाचा कोर्स केलाय का? उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग, पहलगामच्या संस्थांतला बेसिक कोर्स जवळजवळ महिनाभराचा असतो, आणि केलेला माणूस बोलताना कळतो.

“कुछ नहीं होता सर, हर साल जाते हैं” हे उत्तर आलं तर फोन ठेवा. दरवर्षी जातात हे खरंच असतं. पण उतार दरवर्षी नवा साचतो. जादा दिवस नसलेला कार्यक्रम मी स्वतः घेत नाही. परतीचं तिकीट पक्कं असलेला ग्रुप वाईट बर्फावरही पुढेच जातो, कारण सोमवारी हिंजवडीत लॉगिन असतं.

इशारे कुठे मिळतात

हिमस्खलनाचे इशारे संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था देते; बर्फ आणि हिमस्खलनांचा अभ्यास करणारी मनालीची जुनी संस्था सासे २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. इशारे जिल्हावार आणि उंचीनुसार असतात. पावसा-बर्फाचा अंदाज हवामान खात्याच्या शिमला आणि डेहराडून केंद्रांकडून घ्या. धोक्याची पातळी सहसा एक ते पाच अशी मोजतात, आणि तीन म्हणजे ‘मधली, चालेल’ असा अर्थ लावू नका. तीनला तीव्र उतार टाळायचेच असतात. शिवाय आख्ख्या जिल्ह्याचा आकडा तुमच्या समोरच्या नाळेबद्दल काही सांगत नाही.

सहावी पायरी : उतार ओलांडावाच लागला तर

एका वेळी एकच जण. बाकीचे सुरक्षित जागी, खडकामागे किंवा धारेवर उभे राहून त्याच्याकडे बघत राहणार; फोनकडे नाही. सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडा, काठ्यांचे फास मनगटातून काढा. मधे थांबू नका. शक्यतो उताराच्या वरच्या टोकाने ओलांडा, म्हणजे अंगावर येणारा बर्फ कमी राहतो. रांगेने, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून जायची आपली सवय पालखीत शोभते. इथे सगळ्यांचं वजन एकाच लादीवर येतं आणि गाडले गेले तर काढायला कोणी उरत नाही.

सरपासच्या पलीकडे बसून घसरत उतरायचा कार्यक्रम सगळ्यांचा लाडका असतो. लीडरने उतार तपासला असेल आणि वेळ सकाळची असेल तरच बसा, आणि पुढचा बाजूला झाल्याशिवाय मागच्याने निघायचं नाही.

मेअखेर ओढ्यांवरचे बर्फाचे पूल आतून पोखरलेले असतात. पाण्याचा आवाज स्पष्ट येत असेल किंवा मधे खळगा दिसत असेल तर दुसरी जागा शोधा.

हिमस्खलनात सापडलंच तर

ओरडा. कडेकडे पळता आलं तर पळा. काठ्या टाका, मिळेल त्या खडकाला-झाडाला धरा, हातपाय मारून वर राहायचा प्रयत्न करा. वेग कमी होतोय असं वाटताच दोन्ही हात तोंडापुढे आणून श्वासापुरती पोकळी करा. एकदा थांबलं की बोट हलवता येत नाही.

बाहेर राहिलेल्यांनी, गाडला गेलेला सोबती शेवटचा दिसला ती जागा नजरेत पक्की करायची आणि तिथून खालच्या बाजूला शोधायचं. टोपी, काठी, सॅकचा पट्टा, काही वर दिसतंय का बघायचं. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. पस्तीस मिनिटांपर्यंत ते प्रमाण साधारण एक तृतीयांशावर येतं. म्हणजे मदत मागायला गावात जाऊन येईपर्यंत वेळ संपलेली असते. काढायचं ते सोबत्यांनीच. एक जण उताराच्या खालच्या बाजूने खणू लागला की बाकीच्यांनी बर्फ मागे ओढत राहायचं. वरून खाली विहीर खणत बसायचं नाही, खालच्या अंगाने आडवं शिरायचं. सियाचीनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले होते, ते उदाहरण नेहमी दिलं जातं. ते तंबूत, हवेच्या पोकळीत होते. ते तरी पुढे दिल्लीत वारले.

जगभर यासाठी तीन वस्तू वापरतात : ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा, गाडलेल्याचा माग लावणारा ट्रान्सिव्हर, बर्फात खुपसून बघायची लांब घडीची सळई, आणि फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे हव्यात आणि सराव हवा. आपल्या नेहमीच्या ट्रेकवर त्या मिळतील अशी अपेक्षा धरू नका. त्यामुळे नवख्यांसाठी खरं साधन म्हणजे कोनमापक आणि घड्याळ. प्रशिक्षण आणि साहित्य असूनही डोंगर सोडत नाही : ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ शिखरावर हिमस्खलनात उत्तरकाशीच्या संस्थेच्या तुकडीतल्या २९ जणांचा जीव गेला.

खिंडीच्या आदल्या रात्री

संध्याकाळीच सॅक भरा, बाटल्या उलट्या ठेवा, हातमोजे स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. गजर अडीचचा. तंबूतून बाहेर येऊन आधी आभाळ बघा, तारे आहेत का. मग बूट घालून जवळच्या बर्फावर टाच जोरात मारा, तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी. ठण्ण वाजून टाच परत आली तर सगळ्यांना उठवा. टाच रुतली तर लीडरला उठवून दाखवा, किचन टेंटला सांगा की चहा आता सातला चालेल, आणि परत स्लीपिंग बॅगमध्ये शिरा.